डिफेन्स स्टार्टअपमुळं खरंच काही बदलतंय का, आणि कोल्हापुरातनं त्यात शिरता येतं का

तुझा प्रश्न मला समजला तो असा. शिरोली एमआयडीसीत पप्पांचं मशीनशॉप आहे, ट्रॅक्टर आणि पंपाचं जॉबवर्क चालतं, तू स्वतः पुण्यात एम्बेडेडच्या (मशीनच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्स-सॉफ्टवेअरच्या) कंपनीत आहेस, आणि कॉलेजचे दोन मित्र म्हणतायत की नोकरी सोडू आणि ड्रोनचा स्टार्टअप काढू. तर सैन्याच्या कामात हे स्टार्टअप खरंच काही बदलायलेत का, की पेपरातला गाजावाजा आहे आणि शेवटी काम मोठ्या कंपन्यांकडंच जाणार, हे तुला पाहिजे. मी गोकुळ शिरगावात जॉबवर्क करत करतच एअरोस्पेसच्या पार्टमध्ये शिरलो, आता बंगळूरू-पुण्याच्या ड्रोन आणि कॅमेरेवाल्या छोट्या कंपन्यांना पार्ट आणि टेस्ट फिक्श्चर देतो, त्यामुळं लांबलचक लिहितोय, निवांत वाच.

बदल होतोय, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा बदल वेळेत होतोय. फील्डवर जवानाला अडचण आली तिथनं ती दुरुस्त होऊन त्याच्या हातात परत जाईपर्यंत किती दिवस लागतात, ह्यावर आता सगळं आहे. आपल्याकडची जुनी पद्धत तुला माहीत असेल, आधी सैन्य गरज ठरवणार, मग त्याची क्यूआर (वस्तूत नेमकं काय पाहिजे त्याची यादी) लिहिली जाणार, मग आरएफपी (कंपन्यांकडनं प्रस्ताव मागवणं), ट्रायल, किंमतीची बोलणी, ह्यात वर्षं जातात. तेजस विमानाचा प्रकल्प १९८३ ला मंजूर झाला, पहिलं उड्डाण जानेवारी २००१ ला आणि पहिली स्क्वाड्रन २०१६ ला उभी राहिली. लढाऊ विमानाला वेळ लागतोच, त्यावर तोंडसुख घेणाऱ्यांतला मी नाही, इंजिनापासून कंट्रोल सॉफ्टवेअरपर्यंत शून्यातनं उभं करायचं होतं. पण ड्रोनला आणि त्याच्या सॉफ्टवेअरला तेवढी वर्षं दिली तर वस्तू हातात येईपर्यंत समोरच्यानं तीनदा डाव बदललेला असतो.

युक्रेनमध्ये हेच दिसलं. काही शे डॉलरचा एफपीव्ही ड्रोन (कॅमेऱ्यातनं बघत उडवायचा छोटा ड्रोन) कोट्यवधींचा रणगाडा निकामी करतो हे सगळ्यांनी व्हिडिओत बघितलंय, पण त्यामागं काय चाललं होतं ते जास्त महत्त्वाचं आहे. एका बाजूनं एका फ्रिक्वेन्सीवर ड्रोन उडवायचे, दुसऱ्यानं जॅमर आणायचा, की पहिल्यानं फ्रिक्वेन्सी बदलायची, मग जॅमर वाढवले की आणि बदलायची, हे काही आठवड्यांच्या हिशेबात चालायचं. शेवटी २०२४ मध्ये रशियानं कुर्स्ककडं फायबर ऑप्टिकच्या वायरवर चालणारे ड्रोन मोठ्या प्रमाणात आणले, मागं बारीक वायरचं रीळ सुटत जातं, रेडिओच नाही तर जॅम काय करणार, आणि मग युक्रेननंही तेच धरलं. युक्रेन सरकारनं एप्रिल २०२३ ला ब्रेव्ह-१ म्हणून व्यवस्था उभी केली, त्यात छोट्या टीमना पैसा, टेस्टिंग आणि सैन्याशी ओळख एका जागी मिळते. तिथं ड्रोन बनवणारा इंजिनिअर आणि तो उडवणारा सैनिक एकमेकांशी थेट बोलतात, सगळा जोर त्यात आहे.

आपल्याकडं ह्याला धक्का मिळाला तो २०२० च्या लडाखमधल्या चीनबरोबरच्या संघर्षामुळं. जानेवारी २०२१ ला आयडियाफोर्जला सैन्याची स्विच ड्रोनची सुमारे २ कोटी डॉलरची ऑर्डर मिळाली. आयआयटी मुंबईच्या पोरांनी २००७ ला काढलेली कंपनी आहे ही, म्हणजे तिथवर यायला किती वर्षं लागली ते बघ. त्याच महिन्यात आर्मी डेला दिल्लीत ७५ ड्रोनच्या झुंडीचं प्रात्यक्षिक झालं, त्यात बंगळूरूच्या न्यूस्पेस रिसर्चचं काम होतं. आणि मग मे २०२५, ऑपरेशन सिंदूर. ८ आणि ९ मेच्या रात्री पाकिस्ताननं ३६ ठिकाणी साधारण ३०० ते ४०० ड्रोन सोडले असं आपल्या सरकारनं सांगितलं. एवढ्या स्वस्त वस्तूवर दर वेळी महागडं मिसाईल टाकत बसलं तर हिशेब जमत नाही, म्हणून जॅमर, छोटे रडार, तोफा आणि सॉफ्टवेअर ह्यांची जोडणी लागते, आणि त्या जोडणीत छोट्या कंपन्यांना जागा आहे. जून २०२५ ला संरक्षण मंत्रालयानं इमर्जन्सी खरेदीतनं सुमारे १,९८२ कोटींचे १३ करार केले, त्यात ड्रोन पकडायच्या सिस्टीम, लॉइटरिंग म्युनिशन (घिरट्या घालून निशाण्यावर आदळणारे ड्रोन), छोटे ड्रोन असं सगळं होतं. त्यानंतरच्या कारगिल विजय दिनाला लष्करप्रमुखांनी इन्फन्ट्री बटालियनमध्ये ड्रोन प्लाटून आणतोय असं सांगितलं. म्हणजे मागणी आता एखाद्या खास युनिटपुरती राहिलेली नाही.

आता तुझ्या कामाची गोष्ट, ही नीट वाच, कारण बाहेरची लोकं इथंच घसरतात. मैदानात उडणारा ड्रोन आणि लडाखात उडणारा ड्रोन ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ५,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच राहते, म्हणजे त्याच प्रोपेलरला तेवढंच वजन उचलायला जास्त आरपीएम पाहिजे, जास्त आरपीएम म्हणजे जास्त करंट, आणि मोटर गार करायला हवा पण विरळच. बॅटरी उणे २० ला क्षमता चांगलीच सोडते, व्होल्टेज एकदम खाली बसतं, आणि कंट्रोलरला वाटतं बॅटरी संपली की ड्रोन आपोआप घरी परत निघतो. हे सॉफ्टवेअरचं झालं, ते तू सोडवशील.

मी सोडवतो ते हे. मोटरची हाउसिंग ॲल्युमिनियमची, बेअरिंग स्टीलचं. ॲल्युमिनियम थंडीत स्टीलच्या जवळपास दुप्पट आखडतं. २२ मिमी बेअरिंगची सीट आपण कोल्हापुरात ३० अंशाला अगदी ड्रॉइंगप्रमाणं बसवली, सीएमएमवर (माप तपासायच्या मशीनवर) सगळं हिरवं आलं, आणि तोच पार्ट उणे २० ला नेला की फरक पडतो साधारण १२-१३ मायक्रॉनचा. छोट्या बेअरिंगचा आतला क्लिअरन्सच जेमतेम तेवढा असतोय. मग बेअरिंग जाम व्हायला लागतं, त्यात साधं ग्रीस घट्ट झालेलं, मोटर सुरू होताना ओढते, करंट वाढतो आणि वरच्या चौकीवर बसलेल्या पोराला एवढंच दिसतं की ड्रोन उठंना. माझ्याकडं असा प्रॉब्लेम आला तेव्हा त्या स्टार्टअपची इंजिनिअर मुलगी स्वतः युनिटमधल्या हवालदारसाहेबांशी फोनवर बोलली, लॉग मागवला, आम्ही पार्ट थंड चेंबरमध्ये घालून मोजले, फिट बदलला, सी-३ क्लिअरन्सचं (आत जरा जास्त मोकळीक असलेलं) बेअरिंग आणि थंडीतलं ग्रीस घेतलं, ड्रॉइंगची रिव्हिजन त्याच आठवड्यात आली आणि मी लगेच नवा लॉट लावला. मोठ्या कंपनीत तोच बदल करायचा तर चेंज नोट, कमिटी, मंजुरी, असं महिनोन्‌महिने फिरतं. माझ्या दृष्टीनं स्टार्टअपची ताकद ती ही, बाकी वेबसाईटवरची एआयबियची भाषा मी फार मनावर घेत नाही.

हां, एआय अजिबात काही नाही असंही नव्हे. जीपीएस जॅम झाल्यावर कॅमेऱ्यानं खालची जमीन बघून आणि आतल्या सेन्सरवरनं आपण कुठं आहोत हे ड्रोननं स्वतः ओळखणं, हे काम खरं आहे, अवघड आहे, आणि त्याची गरज आज आहे. तुझं एम्बेडेडचं ज्ञान तिथं सोन्यासारखं कामाला येईल. पण निशाणा धरून मारायचा निर्णय मशीननं घ्यावा असं कोण तुला विकायला आलं तर माझं स्पष्ट मत आहे, शेवटचा होकार माणसाचाच पाहिजे, कारण त्याचा जाब माणसालाच द्यावा लागतो.

आता पैशाचं. सरकारनं दार उघडलंय हे खरं आहे. आयडेक्स, म्हणजे संरक्षण मंत्रालयाची स्टार्टअपसाठीची योजना, एप्रिल २०१८ ला सुरू झाली. सैन्य आपली अडचण चॅलेंज म्हणून टाकतं, तुम्ही उपाय घेऊन अर्ज करायचा, निवड झाली की प्रोटोटाईपला दीड कोटीपर्यंत ग्रँट, आयडेक्स प्राईममध्ये १० कोटीपर्यंत, आणि मार्च २०२४ ला आलेल्या अदिती योजनेत २५ कोटीपर्यंत. डीआरडीओचा टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट फंड वेगळा, त्यात प्रकल्पाला ५० कोटीपर्यंत. पण पोरं आकडा ऐकतात आणि पुढचं वाचत नाहीत. आयडेक्सची ग्रँट मॅचिंग असते, म्हणजे जेवढे सरकार देणार तेवढे तुम्हीही उभे करायचे. आणि पैसा माइलस्टोनप्रमाणं, म्हणजे कामाच्या टप्प्यांप्रमाणं, हप्त्याहप्त्यानं येतो. दीड कोटी मिळणार म्हणजे दीड कोटी स्वतःही आणायचे, ते कुठनं? पप्पांची शेड गहाण टाकून आणणार असशील तर थांब, आधी घरी बसून नीट बोला.

आणि प्रोटोटाईप चाललं म्हणून ऑर्डर आली असं होत नाही, खरी दरी तिथं आहे. फेब्रुवारी २०२५ पर्यंत आयडेक्सचे ४३० करार झाले होते, आणि सैन्यानं प्रत्यक्ष खरेदीला मंजुरी दिलेल्या वस्तू ४३, किंमत २,४०० कोटींच्या वर. २,४०० कोटी काही लहान आकडा नाही, आयडेक्सच्या आधी असं काम पोरांच्या कंपनीला क्वचितच मिळायचं, पण ४३० आणि ४३ हे दोन आकडे शेजारी ठेवून बघ. त्यातले कितीतरी करार अजून डेव्हलपमेंटमध्ये आहेत, ते पुढं येतील, तरी मधल्या काळात पगार कोण देणार हा प्रश्न राहतोच. ट्रायल बहुतेकदा नो कॉस्ट नो कमिटमेंट असते, सगळा खर्च तुमचा, नेलेला माल तुमचा, हवामान बिघडलं तर पुढच्या सीझनला परत या. लडाखची हिवाळी ट्रायल एकदा हुकली की वर्ष गेलं. माझ्या ओळखीची एक चांगली टीम अशीच फुटली, वस्तू उत्तम होती, पण दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत पैसा पुरला नाही, आणि त्यांच्याकडं अडकलेलं माझं पेमेंट मी मागितलं नाही कारण मागून मिळणार नव्हतं. ते आठवलं की आजही वाईट वाटतंय, पैशाचं नव्हे, त्या वस्तूचं. ती आज चौकीवर असायला पाहिजे होती.

अमेरिकेतही हे सहज झालेलं नाही. तिथं २०१४ ला स्पेसएक्सला एअर फोर्सवर आणि २०१६ ला पॅलंटिरला आर्मीवर कोर्टात जावं लागलं, आम्हाला टेंडरमध्ये येऊच देत नाही म्हणून. २०१५ ला त्यांनी डिफेन्स इनोव्हेशन युनिट काढलं आणि मग हळूहळू छोट्यांना वाट झाली. आपल्याकडं कोर्टबाजीची वेळ न येता निदान दार तरी उघडलं, आता ट्रायल ते ऑर्डर हा काळ कमी करणं सरकारच्या हातात आहे आणि ते झालंच पाहिजे. नाहीतर चांगली पोरं परत बँकेचे ॲप करायला जातील.

आता चिनी पार्टचं, कारण तुझ्या मित्रांचा प्लॅन मी वाचला, आणि त्यात मोटर, ईएससी (मोटरचा स्पीड कंट्रोलर), कॅमेरा, फ्लाईट कंट्रोलर सगळं ऑनलाईन मागवून इथं जोडायचं लिहिलंय. असं करू नका. फेब्रुवारी २०२५ ला ४०० ड्रोनचे सुमारे २३० कोटींचे करार रद्द झाल्याची बातमी तुम्ही वाचली असेल, कारण चिनी पार्ट. हा फक्त देशप्रेमाचा मुद्दा नाही. फ्लाईट कंट्रोलरच्या फर्मवेअरमध्ये काय आहे हे तुला माहीत नसेल तर ड्रोन ऐन वेळी कुणाचं ऐकेल हे तू जवानाला सांगू शकत नाहीस. आणि दुसरं पुरवठ्याचं. ब्रशलेस मोटरमध्ये निओडिमियमचे मॅग्नेट लागतात, जगातले जवळपास ९० टक्के चीन बनवतो, आणि एप्रिल २०२५ ला चीननं रेअर अर्थ आणि मॅग्नेटच्या निर्यातीवर बंधनं घातली तेव्हा आपल्या गाड्यांच्या कंपन्यासुद्धा हवालदिल झाल्या. नोव्हेंबर २०२५ ला केंद्रानं मॅग्नेट इथं बनवायला ७,२८० कोटींची योजना मंजूर केली, वर्षाला ६,००० टनाचं लक्ष्य आहे, पण ते कारखाने उभे राहायला वेळ जाणार.

म्हणून माझं म्हणणं असं की कोल्हापुरानं आणखी एक क्वाडकॉप्टर जोडू नये. पार्ट बनवावा. असा पार्ट की जो दहा ड्रोन कंपन्यांना लागतो आणि आज बाहेरनं येतो. मोटरचा स्टेटर, रोटर कॅन, शाफ्ट, गिंबलची (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यंत्रणेची) फ्रेम, लेन्सची हाउसिंग, लाँचरची रेल, ड्रोन पकडणाऱ्या रडारचा पेडेस्टल, गाडीवर बसवायचा मास्ट. ड्रोन कंपनी बुडाली तरी पार्टवाला दुसऱ्या पार्टीला माल देतो. आणि वाइंडिंगपासून डायपर्यंत माणसं आपल्याकडं आहेत, उद्यमनगरात अजून असे मेस्त्री आहेत की जे नुसतं हात लावून सांगतात टूल कुठं घासलंय.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो म्हणजे गैरसमज नको. आपली ओळख फाउंड्रीची, ग्रे आयर्न आणि एसजी आयर्नची, आणि उडणाऱ्या वस्तूत ओतीव लोखंडाला जागा नाही. तिथं ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, टायटॅनियम, कार्बन फायबर. फाउंड्रीला काम मिळेल ते जमिनीवरच्या वस्तूंत, नाहीतर तोफा-गाड्यांच्या साखळीत. मार्च २०२५ ला ३०७ एटीएजीएस तोफा (ओढून न्यायच्या देशी तोफा) आणि त्या ओढायच्या गाड्या असा सुमारे ६,९०० कोटींचा करार झाला, त्यातला मोठा वाटा पुण्याच्या भारत फोर्जकडं आहे, अशा कामात खाली शेकडो पार्ट असतात. म्हणजे मोठ्या कंपन्या कुठं जात नाहीत. पाणबुडी, तोफ, विमान हे स्टार्टअप करणार नाही आणि करूही नये. नागपूरचं उदाहरण बघ, नागास्त्र-१ हे लॉइटरिंग म्युनिशन बनवलं इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्ह्जनं, स्फोटकांतली जुनी मोठी कंपनी, आणि सोबत बंगळूरूची छोटी झेड-मोशन. सैन्यानं ४८० घेतले. दारूगोळ्याचं शिस्तीचं काम मोठ्यानं केलं, उडायचं डोकं छोट्यानं दिलं. पुढची दहा वर्षं बहुतेक वस्तू अशाच जोडीनं येतील असं मला वाटतं. इचलकरंजीवाल्यांनीही टेक्निकल टेक्स्टाईलमध्ये ह्या बाजूनं बघावं, कार्बन कापड, पॅराशूटचं कापड, कॅमोफ्लाज नेट, तो विषय मोठा आहे, कधीतरी वेगळा लिहीन.

आपल्याला खरं अडतं ते कागदावर. पप्पांचा माल चांगला असणार ह्यात शंका नाही. पण डिफेन्सवाला विचारतो, ह्या पार्टचा हीट नंबर (धातूच्या ओताचा नंबर) कुठला, टीसी (मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट) दाखव, कुठल्या मशीनवर झाला, कोणत्या गेजनं मोजला, त्या गेजचं कॅलिब्रेशन कधी झालं, हार्ड ॲनोडायझिंग कुणाकडं केलं आणि त्याची जाडी किती. आपल्याकडं हे सगळं तोंडी चालतं, “माल बघा की, एक नंबर आहे”. तसं चालत नाही, कारण दोन वर्षांनी एक पार्ट तुटला तर त्याच हीटचे बाकीचे पार्ट कुठल्या चौकीवर आहेत हे एका तासात कळायला पाहिजे. एएस ९१०० चं, म्हणजे एअरोस्पेस-डिफेन्सच्या क्वालिटीचं सर्टिफिकेट त्यासाठी असतं, भिंतीवर लावायला नव्हे. आणि टेस्ट रिपोर्टमध्ये आकडा कधीही ओढूनताणून बसवायचा नाही, लॉट रिजेक्ट झाला तर झाला. आपल्या जिल्ह्यातनं किती पोरं सैन्यात आहेत, सैनिक टाकळी बघ, गडहिंग्लज, आजरा, चंदगडची गावं बघ, टेंबलाईवाडीला टेरिटोरिअल आर्मीची मराठा बटालियन आहे. हा पार्ट कुणाच्या हातात जाणार हे आपल्याला लांबचं नाही.

आता तू काय करावंस. नोकरी लगेच सोडू नको. वर्षभर शनिवार-रविवार कोल्हापुरात ये, पप्पांच्या शॉपमधली एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) ह्या कामाला बाजूला काढ आणि एकच पार्ट धर. मी असतो तर मोटर टेस्ट बेंच धरला असता, थ्रस्ट, करंट, आरपीएम आणि तापमान एकत्र मोजणारा, थंड चेंबरमध्ये चालणारा, कारण त्यात तुझं एम्बेडेड आणि पप्पांचं मशीनिंग दोन्ही लागतं आणि प्रत्येक ड्रोन कंपनीला तो पाहिजेच असतो. आयडेक्सच्या जुन्या चॅलेंजांची यादी काढून वाच, सैन्याला नेमकं काय टोचतंय ते त्यात कळतं, अर्ज नंतर कर. जेएसएस ५५५५५ आणि मिल-एसटीडी-८१० ह्या सैन्याच्या वस्तूंच्या टेस्टच्या मानकांमधल्या टेस्ट कुठल्या हे समजून घे, व्हायब्रेशन आणि थंडी-उष्णतेच्या टेस्टचा आणि पुण्यात ईएमआय-ईएमसी (इलेक्ट्रॉनिक्सच्या एकमेकांतल्या अडथळ्याच्या) टेस्टचा खर्च आधी विचारून ठेव, बजेटमध्ये हीच ओळ लोक विसरतात. मित्रांपैकी एकानं तरी सेल्सची बाजू पूर्णवेळ घेतली पाहिजे, तिघंही सोल्डरिंग करत बसलात तर जमणार नाही. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) करून ठेव, आणि कुठल्याही पार्टीला माल द्यायच्या आधी लेखी पीओ (खरेदीची ऑर्डर) घे. लेखी करार असेल तर मायक्रो-स्मॉल युनिटचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर समोरच्याला त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये तो खर्च दाखवता येत नाही, हा नियम तुझ्या बाजूचा आहे, पण लेखी काही नसेल तर वसुलीच्या वेळी काय ठरलं होतं ते सिद्ध करणं अवघड जातं.

पहिलं काम म्हणून पप्पांसोबत बसून मागच्या सहा महिन्यांतल्या कुठल्याही एका लॉटचा कागद मटेरियलच्या टीसीपासून डिस्पॅचच्या चलनापर्यंत सलग लावून बघ. जिथं तुटेल तिथं खूण कर, आणि तो फोल्डर घेऊन गोकुळ शिरगावला ये, आपण बसून बघू एएस ९१०० ला अजून काय काय लागतंय ते.